कणकुंबीत अमेरिकेची तालीम

२० नोव्हेंबर. अमावस्या

आज परत तोच प्रश्न. दाढी करायला गेलतो. न्हावी गळ्याला वस्तरा लावून विचारतोय, "मग, कुठलं बरं? अमेरिका का ते सायगॉन?" वस्तरा गळ्यावर असताना माणूस काय बोलणार. दोन्ही बरं म्हटलं. तर म्हणतो, "असं कसं, एक कायतरी सांग की."

गल्लीत मला आता नावानं कोण बोलवत नाही. फॉरेन म्हणतात. "ए फॉरेन, चहा घेतलास काय?" मी काय केलंय तर थोडे दिवस बँकॉक, मग व्हिएतनामात सायगॉनला योगा शिकवला (तीन आठवड्यांच्या कोर्सवर, हे गल्लीत कुणाला माहीत नाही), मग आक्काकडं टेक्सासला सहा महिने, आणि परत बेळगावात, आमच्या शहापुरात. एवढ्यावर मी तज्ज्ञ.

अमावस्या म्हणून विणायचे माग बंद. एरवी सकाळपासून गल्लीत खटक-खटक चालू असतं, भिंतीला पाठ टेकली तर पाठीत पण वाजतं. आज काही नाही. शेजारच्या मागवाल्या आप्पांनी माग पुसले, हार घातला, नारळ फोडला आणि शेडचं शटर ओढून झोपले. सुट्टी सगळ्यांना आवडते, आमच्या आईला सोडून. मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम नसलं की ती बिथरते. दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर. डबे पुसलेले परत पुसते.

संध्याकाळी उंबऱ्यात बसली आणि तिनं पण विचारलं. "तिथं कसं असतंय रं, आक्काकडं?"

८ डिसेंबरचं तिचं तिकीट. आक्काला आठवा चालू, जानेवारीत बाळंतपण. व्हिसा आला, स्वेटर घेतला, दुपटी शिवून झाली, आणि विचारते कधी तर आत्ता. माझं डोकं उठलेलं. म्हटलं, "आज गल्ली हाय न्हवं, असं. रोज."

"म्हंजे अमावस्या?"

"रोज अमावस्या."

उठली. आत जाऊन कुकर लावला.

२२ नोव्हें.

सकाळी सहाला आक्काचा फोन. उचलला तर हॅलो नाही, काही नाही. "सुऱ्या, तू आईला काय सांगितलंस?"

काय सांगितलं ते मलाच आधी आठवेना. मग आठवलं.

आईनं काल माझ्या नकळत तिला फोन करून सांगितलंय, मी न्हाय येत, तूच ये हिकडं बाळंतपणाला. पहिलं बाळंतपण माहेरात असतंय, अमेरिकेत न्हाय. आक्काचं म्हणणं, आठवा संपत आला, विमानात आता घेत नाहीत, डॉक्टर पण नाही म्हणते. तिची सासू गुडघ्यांनी बसलेली, ती येऊ शकत नाही. दाजींना सुट्टी मिळाली तर आठवड्याची.

"स्वयंपाक पण नको करू दे तिनं," आक्का म्हणाली. "नुसती घरात असली तरी बास. तू सहा महिने फुकट खाल्लास, वर आईला घाबरवलंस."

फुकट नाही खाल्लं. रोज भांडी मी लावायचो त्या मशीनमध्ये. आधी हातानं धुऊन मग मशीनमध्ये लावायची, हे कसलं मशीन, हा प्रश्न मी तिथं पण विचारलेला. उत्तर मिळालं नाही.

आईला विचारलं तर कांड्यांचा रहाट फिरवत म्हणाली, "तू खोटं सांगितलंस व्हय मग?"

खोटं नाही. तेच तर.

२३ नोव्हें. रविवार

दुरुस्ती. आईजवळ बसून अमेरिकेतलं चांगलं चांगलं सांगायला घेतलं. चोवीस तास गरम पाणी. नळाचं पाणी तसंच प्यायचं. वीज जात नाही. धूळ नाही, आठवडाभर फरशी पुसली नाही तरी चालतंय. तू कोण, कुणाचा, पगार किती, लग्न का नाही, हे कोण विचारत नाही. हे शेवटचं मला लई आवडलेलं.

आई म्हणाली, "मग काय विचारतात?"

"हाय म्हणतात. कसा आहेस म्हणतात."

"मग तू काय सांगायचास?"

"काय न्हाय. उत्तर द्यायच्या आत पुढं गेलेले असतात."

झालं. मग तिनं एकेक विचारायला चालू केलं. दारात भाजीवाली येते का. नाही. दूधवाला? नाही. मग दारात कोण येतंय? म्हटलं, पार्सलवाला येतो. मग त्याला पाणी बिनी? म्हटलं, तो बेल पण वाजवत नाही. खोकं ठेवतो, खोक्याचा फोटो काढतो, जातो.

"खोक्याचा फोटो," आई म्हणाली. दोनदा म्हणाली.

शेजारी कोण? सांगितलं खरं ते. घराचं तोंड म्हणजे गॅरेजचं शटर. गाडी येते, शटर वर, गाडी आत, शटर खाली. सहा महिन्यांत शेजारी मी बघितला नाही. त्याची गाडी बघितली. पांढरी.

"आपल्या आप्पांच्या शेडगत शटर?"

"व्हय. पण बटणावर."

दुरुस्तीला बसलो आणि आणखी बिघडवून उठलो. मला एखाद्या गोष्टीचं चांगलं बोलायला सांगितलं की तोंडातनं दुसरंच येतं. शाळेत निबंधाला पण असंच व्हायचं. गाय दिली तर मी गवळ्यावर लिहायचो.

२४ नोव्हें.

दूध आणायला गेलतो तो किस्सा गल्लीत फिरतोय. आईनं सांगितला असणार. आप्पा सकाळी शटर वर करता करता, "काय फॉरेन, दूध आणलंस काय?"

झालेलं काय, आक्काकडं दूध संपलं. ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये, दाजी बाहेर. मी म्हटलं चालत जाऊन आणतो. मोबाईल म्हणतोय चाळीस मिनिटं. आपल्याला काय. निघालो. थोड्या अंतरावर फुटपाथ संपला. संपला म्हणजे नुसता संपला, पुढं गवत. गवतातनं चालतोय तर एक म्हातारा गाडी थांबवून विचारतो, ठीक आहेस का, गाडी बंद पडली का? नाही, दूध. पुढं एक बाई थांबली. तिला पण दूध सांगितलं. मग पोलीसच आला. तिघंही चांगली माणसं, खोटं कशाला बोलू. पोलिसानं तर दुकानापर्यंत सोडलं. पण तिथं चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस, दुसरा अर्थच नाही.

आणि सायगॉनला रस्ता ओलांडायचा म्हणजे डोळे मिटून नदीत उतरायचं. सिग्नल असून नसल्यासारखा. हजार स्कूटर. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावर उभाच. एका म्हातारीनं दंडाला धरलं आणि चालायला लागली. हळू, न थांबता, न पळता. स्कूटरी आपोआप बाजूनं जातात. पलीकडं गेल्यावर तिनं दंड सोडला आणि मुळ्याची जुडी घ्यायला थांबली, माझ्याकडं बघितलं पण नाही. तिथल्या गल्ल्या आपल्या शहापूरसारख्याच, दोन हात पसरले तर भिंती. खाली बुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, सूप, कुणाचं तरी गाणं लावलेलं, कुणाची तरी भांडणं. खुर्ची इतकी बुटकी की गुडघे कानाला.

मला तिथं बरं वाटायचं का? दमायला व्हायचं. घसा जळायचा धुरानं. खोलीत उंदीर. व्हिसा संपला की नवा शिक्का घ्यायला बसनं कंबोडियाच्या हद्दीपर्यंत जाऊन परत. क्लासमधल्या बायकांना सूर्यनमस्कारात माझ्यापेक्षा जास्त येत होतं. तरी सकाळी खाली उतरलं की कॉफीवाली न सांगता ग्लास पुढं करायची आणि

(फोन आला. सच्या. नंतर लिहितो.)

२५ नोव्हें.

सच्या म्हणजे निपाणीचा सचिन, सायगॉनचा माझा रूमवाला. अजून तिथंच योगा शिकवतो. त्याच्या क्लासमध्ये एक जागा रिकामी झालीय. "येतोस का नाही ते महिन्याभरात सांग, न्हायतर केरळचा एकजण तयार हाय," म्हणाला.

मी म्हटलं बघतो. सच्या म्हणाला, "तू पाळण्यात पण बघतोच म्हणालेला असणार लेका."

हे सगळं आईनं ऐकलेलं. दुपारी भाकरी थापताना म्हणते, "सुऱ्या, तिथं तुझ्या त्या सायगॉनात माणसं असतात न्हवं दारात?"

"असतात की."

"म्हातारी बाई धरून रस्ता ओलांडून देती."

"व्हय."

"मग आक्काचं बाळंतपण तिथं का न्हाय करत? जरा जवळ पण पडंल. मी तिथं यायला तयार हाय."

मला वाटलं चेष्टा करते. तोंडाकडं बघितलं. भाकरी उलटत होती, चेष्टा बिष्टा काही नाही. समजावून सांगायला गेलो की आक्का टेक्सासमध्ये आहे, सायगॉनला तिचं कोण नाही, आठव्या महिन्यात विमान नाही. आई म्हणाली, "मग तू एवढं कौतुक कशाला सांगतोस तिथलं? उपेग काय त्याचा?"

 रात्री आक्काला सांगितलं तर पहिल्यांदा हसली. मग मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. 

२६ नोव्हें.

निपाणी. सच्याच्या आईला भेटून ये म्हणून सच्यानं मागं लावलेलं. मिठाई म्हणून आपला कुंदा घेऊन गेलो. बस भरलेली, उभ्यानं. निपाणीत उतरलं की तंबाखूचा वास आधी येतो, मग गाव. मी शिंकत शिंकत घर शोधलं.

म्हातारी बारीक, बोलायला तिखट. सच्यानं तिला सांगितलंय की तो मोठ्या बिल्डिंगीत राहतो, खालीच बाग आहे. बाग नाही. गॅरेज आहे स्कूटर दुरुस्तीचं. मी बाग आहे म्हटलं. झाडं कसली विचारलं. फणस म्हटलं. फणस असतो तिथं, ते खोटं नाही.

तिनं कुठलं बरं विचारलं नाही. हायसं वाटलं. म्हटलं चला, एक तरी माणूस. निघताना दारात म्हणाली, "त्याला आजारी पडल्यावर पेज कोण देतंय?"

म्हटलं मी द्यायचो की.

"आणि तू हिकडं आल्यापास्नं?"

बस सुटत होती म्हणून पळालो. खरं तर बसला वेळ होता.

तिथं रस्त्यावर लाख माणसं, पण सच्याला डेंगू झाला तेव्हा पेज मीच केलेली, आणि ती पण करपवलेली. हे मी कुठं लिहिलं नव्हतं आजपर्यंत. सायगॉनचं सांगताना मी कॉफीवाली सांगतो, म्हातारी सांगतो, करपलेली पेज सांगत नाही. आक्काकडचं सांगताना मात्र बरोबर उलटं.

जाऊ दे. पोट बिघडलंय. बसस्टँडवरची भजी.

२८ नोव्हें.

गुंडू आलता. माझा शाळेतला दोस्त, घरची शेती कणकुंबीला, नोकरी इथं कारखान्यात. त्याला सगळा घोळ सांगितला. गुंडू विचार करतो तेव्हा कान ओढतो. कान ओढून म्हणाला, "काकूंना सवय लावायची. आमच्या घरी घेऊन ये दोन दिवस. आमच्याकडं इतकं गप्प असतंय की आपल्याच पोटातला आवाज ऐकू येतोय."

म्हणजे अमेरिकेची तालीम. कणकुंबीत.

मला पटलं. जंगल, घरं लांब लांब, मोबाईलला रेंज नाही, चालत जायला दुकान नाही. गायी सोडल्या तर टेक्सासच. आणि आक्काकडच्या भागात गायी पण आहेत म्हणा, फक्त कुंपणात.

आईला तालीम असं सांगितलं नाही. गुंडूच्या आईनं बोलावलंय म्हटलं. आई लगेच तयार, दाण्याची चटणी पण कुटली.

२९ नोव्हें. शनिवार, कणकुंबी

तालीम फेल.

पोचून अर्धा तास झाला नाही, आई गुंडूच्या आईच्या चुलीपुढं. तासाभरात शेजारच्या दोन बायका (शेजारच्या म्हणजे कुठल्या कुठनं, मधे ओढा) आल्या, कोण ही शहापूरची म्हणून बघायला. आईनं लुगड्याचा पदर दाखवून विणीचं सांगितलं, त्यांनी भाताचं सांगितलं. दुपारपर्यंत आई त्यांच्यातल्या एकीच्या सुनेला ओरडत पण होती, औषध वेळेवर घेत नाही म्हणून.

गुंडूला बाहेर बोलावलं. "अरे हे अमेरिका कुठं झालं? ह्या बायका कशाला आल्या?"

"आता माणसं येणार न्हाईत व्हय घरात?"

"तिकडं न्हाईत येत."

"मग काय, हाकलू?" म्हणाला. "उद्या मळणी हाय. सगळी शेतात जातील. तवा बसव तुझ्या आईला अमेरिकेत."

३० नोव्हें.

सकाळी सगळे मळणीला गेले. आई पण निघालेली, मी थांबवली. म्हटलं आज तू इथं बस, मी जरा नदीचा उगम बघून अर्ध्या तासात येतो. तेवढं गप्प बसून बघ, काही होत नाही, हे तिला कळलं म्हणजे झालं. असा विचार.

उगमाच्या देवळात गेलो. तिथं एकजण गोव्याचा, त्याची मोटरसायकल बंद पडलेली. मदत केली. मला गाडीतलं काही कळत नाही, पण ढकलायला येतं. मग त्यानं चहा पाजला. मग तो म्हणाला पुढं घाटातून खाली दरी काय दिसते. गेलो त्याच्या मागं बसून. दरी दिसली. धुकं नव्हतं. परत येताना गाडी परत बंद. एका ट्रकवाल्यानं आणून सोडलं. घरी आलो तर उन्हं कलायला लागलेली.

आई बाहेर ओसरीच्या सोप्यावर बसलेली, जिथं सोडली तिथंच. ताटातलं झाकलेलं तसंच, जेवली नव्हती. मला वाटलं आता शिव्या. खाली मान घालून चप्पल काढायला लागलो.

"सुऱ्या," म्हणाली. "हे असं असतंय आक्काला?"

"कसं?"

"एक पान पडलं की मान वर करत्ये मी. कोण आलं म्हणून."

म्हटलं, त्याचं असं असतंय आई, सवय होती माणसाला, आणि तिथं टीव्ही असतो, फोन असतो.

"तू सहा महिने हुतास न्हवं तिथं. तू आलास निघून," म्हणाली. "ती तीन वर्षं झाली बसलीया. आणि आता पोटुशी." मग पदर खोचून उठली. "तिकीट हाय न्हवं अजून?"

आहे म्हटलं.

"मग चल जेवू या."

दोघांनी थंड भात खाल्ला. काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी तिला अमेरिकेची सवय लावायला आणली. जागा कशी आहे हेच मी सगळ्यांना सांगत बसलेलो, दूध, गवत, शटर, खोक्याचा फोटो. त्या जागेत आक्का पण आहे हे माझ्या गोष्टीत कुठंच नव्हतं.

गुंडूची आई शेतातनं आल्यावर मला म्हणाली, "आईला एकटीला टाकून दिवसभर भटकतोस, लाज न्हाय?" सगळ्यांसमोर. बरोबर होतं.

१ डिसें.

घरी. आईनं स्वतःहून आक्काला फोन लावला, स्पीकरवर. मी बाजूला.

"दिवसभर काय करतीस गं?"

"काम असतंय की आई. लॅपटॉपवर."

"आणि काम झाल्यावर?"

"टीव्ही लावून ठेवते."

"काय बघतीस?"

"बघत न्हाय गं. आवाजाला."

आईनं माझ्याकडं बघितलं. हे मला माहीत होतं. टीव्ही दिवसभर चालू असायचा, मी जाऊन बंद करायचो, वीज फुकट जाते म्हणून. आक्का परत लावायची. त्यावरनं आमची भांडणं.

५ डिसें.

सामान. वैताग वैताग वैताग.

आईनं काढून ठेवलेलं सगळं विमानात न्यायचं तर आप्पांच्या शेडमधला टेम्पो लागेल. डिंकाचे लाडू. हळीव. बाळंतशेपा. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. मऊ पडलेलं सुती लुगडं म्हणजे बाळाच्या अंगाला लोण्यासारखं, अमेरिकेत सगळं मिळेल पण वीस वर्षं नेसून मऊ केलेलं लुगडं कुठं मिळेल, असं आईचं म्हणणं. दुपटी मी बॅगेत तळाला घातली.

पण खसखस. म्हटलं खसखस काढ, विमान आखातात बदलायचंय, तिथं खसखस सापडली तर आत घालतात.

"खसखशीला?"

"व्हय."

"काय देश हाईत एकेक." काढली. मग बघतो तर लाडवात घातलेली. सगळे लाडू परत. आप्पांच्या पोरांना वाटले, त्यांची दिवाळी.

मग व्हीलचेअर. इंग्रजी येत नाही, विमान बदलायचं, एवढ्या मोठ्या विमानतळावर हरवेल, म्हणून आपली सगळी म्हातारी माणसं व्हीलचेअर मागून घेतात. ढकलणारा बरोबर दुसऱ्या विमानात नेऊन बसवतो. आक्कानं तशी नोंद केलीय. आई ऐकेना.

"मी काय लंगडी हाय?"

"न्हाय गं, पण वाट दाखवायला."

"मग वाट दाखवणारा माणूस द्या म्हणावं. खुर्ची कशाला?"

"माणूस खुर्चीबरोबरच मिळतोय आई."

पटलं नाही, पण जरा वेळानं बघितलं तर आरशासमोर खुर्चीत बसून बघत होती. मला बघून उठली.

८ डिसें. बंगळूर

काल बेळगावहून गाडी. लोंढ्याला गाडी बराच वेळ थांबली तेवढ्यात आईनं समोरच्या बाकावरच्या बाईचं सगळं काढून घेतलं, कन्नडमध्ये. सासरचं, माहेरचं, गुडघ्याचं. मला झोप लागली तोपर्यंत दोघींनी एकमेकींना डबे दिलेले.

विमानतळावर आत सोडत नाहीत, काचेतनं बघायचं. खुर्चीत बसली. ढकलणारा पोरगा गदगकडचा, कन्नड बोलणारा निघाला. मागं वळून हात पण केला नाही आईनं, त्याच्याशी बोलत गेली.

एवढंच म्हणाली होती खुर्चीत बसायच्या आधी, "तुझं काय ते ठरव आता. का तुझ्यासाठी पण तालीम घ्यायची?"

म्हणजे गुंडूनं सांगितलेलं तिला. गुंडूच्या पोटात काही राहत नाही.

१४ डिसें.

आक्काचा तक्रारीचा फोन. मला वाटलं आई रडते बिडते. तसं नाही.

दाजी सकाळी गाडी घेऊन गेले की गॅरेज रिकामं. आईनं शटरचं बटण शोधून काढलंय. शटर वर करते, मधोमध खुर्ची टाकते आणि रस्त्याकडं तोंड करून बसते. स्वेटर, वर शाल, डोक्याला माकडटोपी. लसूण सोलते, मेथी निवडते. मेथी संपली तर निवडलेली परत निवडते.

"इथं असं कोण बसत न्हाय रं," आक्का म्हणाली. "कॉलनीच्या कमिटीचं पत्र येईल. तू टॉवेल वाळत घातलेलास तेव्हा आलतं तसं. तू सांग की तिला."

"मी सांगू? मी सांगितलं की काय होतंय ते बघितलंस न्हवं?"

यावर हसली. मागं टीव्हीचा आवाज नव्हता. 

१९ डिसें. अमावस्या

माग बंद. आप्पा नारळ फोडून झोपले. घरात मी एकटा. आत-बाहेर, आत-बाहेर. डबे पुसले.

न्हावी आज दारावरनं जाताना, "मग फॉरेन, शेवटी कुठलं बरं?" म्हटलं आईला विचार, ती आली की. कधी येणार म्हणाला. सहा महिन्यांनी म्हटलं.

सच्याचा मेसेज सकाळपासनं तीनदा. "आज सांग. केरळवाला बॅग भरून बसलाय." हो टाईप केलं, खोडलं. नाही टाईप केलं, खोडलं. सच्याच्या आईनं फणस किती लागलेत म्हणून विचारायला सांगितलंय म्हणे. त्याला कळेना कसला फणस.

रात्री आठला उंबऱ्यात बसून आईला व्हिडिओ लावला. तिथं सकाळ. माकडटोपी, मांडीवर ताट, मागं गॅरेजची भिंत. आमची गल्ली गप्प, तिचा रस्ता गप्प. दोन्हीकडनं काही आवाज नाही, मला वाटलं नेट गेलं.

"ऐकू येतंय काय आई?"

"येतंय की. अमावस्या हाय न्हवं आज तुमच्याकडं?"

"व्हय. कोण आलं काय तिथं?"

"काल एक कुत्रं आलतं. त्याच्या मागनं एक बाई. कुत्रं थांबलं. बाई न्हाय थांबली."

"मग?"

"मग काय. आज पण कुत्र्याला फिरवायला काढणारच की ती."

आतनं आक्काचा आवाज, "आई, गारठा येतोय घरात, शटर लाव." आई म्हणाली, लावते गं. लावलं नाही. जरा वेळानं आक्काच बाहेर आली. एका हातानं कंबर धरलेली, दुसऱ्या हातानं खुर्ची ओढत. आईशेजारी बसली. ताटातल्या लसणाच्या चार पाकळ्या घेऊन सोलायला लागली. लॅपटॉप नव्हता. मला म्हणाली, "तू काय बघतोयस? काम न्हाय काय तुला?" आणि म्हणाली, "इथं तिसरी खुर्ची हाय, फोल्डिंगची. तुझीच."

तिनं पाकळीचं साल फुंकून उडवलं.

सच्याचा परत मेसेज. न उघडता बाजूला सरकवून टाकला.

"थांब, थांब," आई म्हणाली. "गप्प बसा. कायतरी येतंय."

आणि मोबाईल रस्त्याकडं फिरवला. गवत, पलीकडची बंद शटरं, पांढरी गाडी. रस्ता रिकामा. मी पण बघत बसलो.